आत्याला घेऊनच जा: कॉमेडी शोच्या रेकॉर्डिंगला प्रेक्षक म्हणून जाताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका मुलीनं विचारलंय: "टीव्हीवरच्या कॉमेडी शोचं शूटिंग समोर बसून बघायचं आहे. मी पहिल्यांदाच मुंबईला येतो, सोबत आई, आत्या आणि एक मैत्रीण. तिकीट कितीला असतं? किती वेळ बसवतात? कपडे कसले घालायचे? लोक खरंच हसतात की हसण्याचा आवाज मागाहून टाकतात? आणि काका, आमच्या आत्याचं हसणं लई मोठं आहे, घरात हसली तर पुढच्या गल्लीत कळतं. तिला आणू की नको?"

मुलगी असून "मी येतो" लिहिलंस, आपल्या बेळगावकडच्या मुली अशाच बोलतात, त्यामुळे गाव कुठलं ते वेगळं सांगायची गरज नव्हती. मी बेळगावातल्या शहापूरचा. मुंबईत टीव्हीच्या फ्लोअरवर, म्हणजे शूटिंग चालतं तिथं, सोळा वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी प्रेक्षकांना बसवण्यात, उठवण्यात, हसवण्यात आणि गप्प करण्यात गेली. आता परत बेळगावात आहे. तुझ्या प्रश्नांतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आत्याचा आहे. त्याच्याकडे येतोच, आधी बाकीचं उरकतो.

तिकीट नसतं. पास असतो आणि तो फुकट असतो. "नोंदणीचे पाचशे पाठवा, सीट कन्फर्म करतो" असं कुणी फोनवर म्हणालं, तर तो माणूस शोचा नाही, एवढं पक्कं समज. उलट कित्येकदा प्रेक्षकालाच पैसे मिळतात. हे ऐकून तुला धक्का बसेल कदाचित, पण मुंबईत प्रेक्षक जमवून देणं हा धंदा आहे. प्रॉडक्शन हाऊस एका ऑडियन्स कोऑर्डिनेटरला सांगतं, "उद्या दीडशे माणसं लागतील, त्यात चाळीस तरुण, बाकी फॅमिली." मग तो कॉलेजची पोरं, सोसायटीतली महिला मंडळं आणि रोजावर येणारी नेहमीची मंडळी अशी मोट बांधतो. रोजावरची माणसं आज गाण्याच्या शोला रडतात आणि उद्या कॉमेडीला हसतात. त्यांना नावं ठेवू नकोस. दहा-दहा तास न कंटाळता बसणं हे कसब आहे, आणि नवख्या प्रेक्षकाला कधी टाळी द्यायची ते तीच शिकवतात. तुझ्यासारख्यांसाठी वाट म्हणजे वाहिनीच्या अधिकृत पानावर किंवा टीव्हीवर खाली पट्टीत येणारी सूचना, नाहीतर युनिटमध्ये काम करणारं कुणी ओळखीचं. बेळगावची, चंदगडची, गडहिंग्लजची कितीतरी पोरं लाइटमध्ये, साउंडमध्ये, कॉस्च्युममध्ये आहेत. चार जणांना विचारलंस तर पाचवा निघेल.

पण त्याआधी एक गैरसमज काढतो. तू "कॉमेडी शो" म्हणालीस ते बरोबर. पुष्कळ जण मात्र "ती विनोदी मालिका कुठं शूट होते, बघायला जाऊया की" असं म्हणतात. आपल्याकडे मालिकेला प्रेक्षक बसवत नाहीत. बंगल्यात किंवा स्टुडिओत घर उभं केलेलं असतं, एका-दोन कॅमेऱ्यांवर तुकड्या-तुकड्यांनी काम चालतं आणि हसू लागलंच तर ते एडिटला घातलं जातं. प्रेक्षकांसमोर गोष्टीची मालिका चित्रित करायची पद्धत मुख्यतः अमेरिकेची आणि इंग्लंडची. १९५१ साली सुरू झालेल्या 'आय लव्ह ल्यूसी'नं ती नीट बसवली: सेटची चौथी भिंत काढून टाकायची, तिथं प्रेक्षक बसवायचे, तीन फिल्म कॅमेरे एकदम चालवायचे आणि नाटकासारखा प्रवेश सलग करायचा. तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील आणि तसा पास मिळाला, तर तोही फुकटच असतो. फक्त तिकडे हॉलच्या क्षमतेपेक्षा जास्त पास वाटतात, म्हणून पास हातात असूनही लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. वयाची अट कडक असते, ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि बावीस मिनिटांच्या भागासाठी चार-पाच तास सहज जातात.

आपल्याकडे तुला बघायला मिळेल तो मंचावरचा स्किटचा, म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशांचा शो. 'चला हवा येऊ द्या' २०१४ ला सुरू झालं, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ ला. साधारण त्या घराण्यातला. दहा-पंधरा मिनिटांचं एकेक स्किट, मध्ये सूत्रसंचालन, समोर परीक्षक किंवा पाहुणे. नाटकाशी याचं नातं जवळचं आहे, म्हणून आपल्या लोकांना ते लवकर कळतं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पु. ल. देशपांडे बेळगावच्या टिळकवाडीत आर.पी.डी. कॉलेजात शिकवत होते. हे मिरवायला ठीक आहे, पण मुंबईच्या फ्लोअरवर मला खरा उपयोग झाला तो बेळगावच्या नाट्यगृहांत लहानपणी मागच्या रांगेत बसून नाटकं बघण्याचा. हशा कुठून उठतो आणि कसा पसरतो ते मागच्या रांगेतूनच दिसतं.

कुठल्या शोला सध्या प्रेक्षक घेतात हे दर शेड्यूलला बदलतं, त्यामुळे जायच्या आठवड्यात पुन्हा विचारून घे. जून २०२० मध्ये लॉकडाउननंतर शूटिंग सुरू झालं तेव्हा प्रेक्षक नव्हते. तेव्हा काही ठिकाणी सहकलाकार आणि तंत्रज्ञच टाळ्या वाजवायचे. त्यात पैसे वाचतात हे निर्मात्यांच्या लक्षात आलं, आणि ती सवय पूर्ण गेलेली नाही. मला हे पटत नाही. कारण पुढे सांगतो.

प्रवासाचं फार सांगत नाही. रात्रीची हुबळी-दादर धर किंवा खाजगी बस धर. बहुतेक खाजगी बस सायनवरून पुढे बोरिवलीपर्यंत जातात, त्यामुळे गोरेगावच्या फिल्मसिटीत शूटिंग असेल तर हायवेला उतरता येतं. मीरा रोड किंवा ठाण्याकडचा स्टुडिओ असेल तर आधी पत्ता नीट विचारून घे, कारण नुसतं "स्टुडिओ" म्हटलं तर रिक्षावाला तुला भलत्याच गेटवर सोडेल. ज्या सकाळी पोचणार त्याच सकाळचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, घेऊ नकोस. आदल्या दिवशी जा, कुणाकडे तरी झोप काढ. रात्रभर बसमध्ये जागलेला माणूस दुपारी तीनच्या स्किटला हसत नाही, डुलक्या घेतो, आणि डुलकी घेणारा चेहरा कॅमेरामन अचूक हेरतो. सीमाभागातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: वातावरण तापलं की पहिल्यांदा बस बंद होतात. डिसेंबर २०२२ ला झालं, फेब्रुवारी २०२५ ला झालं. परतीचं रेल्वेचं तिकीट खिशात असलेलं बरं.

आधार कार्डाचं सांगतो, कारण यात आपली माणसं हटकून अडकतात. आपलं कार्ड कन्नड आणि इंग्रजीत. गेटवरचा सिक्युरिटीवाला इंग्रजी नाव पासवरच्या यादीशी ताडून बघतो. यादी फोनवर ऐकून कुणीतरी मराठीतून इंग्रजीत उतरवलेली असते, त्यात आडनावाचे तीन प्रकार होतात. त्यातून गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालंय, आणि तू फॉर्ममध्ये जुनं लिहिलेलं असतं. नाव-पत्ता कार्डावर जसा आहे, अक्षर न् अक्षर तसाच मेसेज करून पाठव, तोंडी सांगू नकोस. एकदा आपल्याकडच्या अकरा बायकांचं भजनी मंडळ दीड तास गेटबाहेर उन्हात उभं होतं, निव्वळ स्पेलिंगपायी. मी आत माणसं कमी पडली म्हणून कोऑर्डिनेटरवर ओरडत होतो, आणि माणसं बाहेर माझ्याच गावची.

आता कपडे. पांढराशुभ्र नको, तो लाइटमध्ये भगभगतो. बारीक रेघा आणि बारीक चौकडी नको, कॅमेऱ्यात ती कापडावर किडे चालल्यासारखी वळवळते. छातीवर कंपनीचं मोठं नाव नको, नाहीतर तुला मागे बसवतील किंवा एडिटला धूसर करतील. आईला इरकल नेसायची हौस असेल तर खुशाल नेसू दे, गडद अंगाची, लाल पदराची. कॅमेऱ्याला ती फार शोभते, आणि तिला पुढची ओळ मिळायची शक्यता वाढते. सोबत शाल घ्या. लाइटमुळे गरम होत असेल असं वाटतं, पण यंत्रांसाठी एसी असा सोडलेला असतो की संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या माणसांची बोटं वाकडी होतात. फक्त एक करा: शाल पांघरायची तर सुरुवातीपासून पांघरा, नाहीतर ब्रेकमध्येच. एकाच स्किटमध्ये आधी शाल, मग नाही, मग परत शाल, असं झालं की एडिटरला तुमचा एकही शॉट वापरता येत नाही. जागा बदलायची नाही तीही याचसाठी. मैत्रिणीशेजारी बसायचं असेल तर पहिल्यांदा बसवतानाच सांगायचं.

मोबाइल जमा करतात किंवा पाकिटात बंद करतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. तुम्ही बेळगावची मिठाई म्हणून कुंद्याचा डबा नेणारच, मला माहीत आहे. तो सिक्युरिटीकडे अडकवून ठेवण्यापेक्षा सरळ सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादाच्या हातात द्या, मग दिवसभर चहाची काळजी नाही. आईला साखरेचा त्रास असेल तर गोळी आणि बिस्किटाचा पुडा जवळ ठेवायचा आहे असं फ्लोअरवरच्या असिस्टंटला आधीच सांगा, कुणी नाही म्हणत नाही. बाथरूमला जायचं ते सेट बदलताना. स्किट चालू असताना उठलेलं माणूस सात-आठ कॅमेऱ्यांपैकी एकात तरी सापडतंच.

वेळ? दिवसभर धरून चाल. शिफ्ट बारा तासांची असते आणि निम्मा दिवस वाट बघण्यात जातो. तुम्हाला अकराला बोलावलं तर पहिलं स्किट दोनला सुरू होईल. लाइट लावायचे, रिहर्सल व्हायची, कलाकाराचा विग बसायचा, लेखकाला शेवटच्या क्षणी वाक्य सुचायचं. स्किट पंधरा मिनिटांत होतं, मग सेट बदलायला पाऊण तास. पण शिवजयंतीच्या चित्ररथांना रात्रभर गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहणारी माणसं आपण. इथं तर बसायला खुर्ची असते.

या वाट बघण्यातच एक गोष्ट होते, ती तुम्हाला विचित्र वाटेल. कलाकार यायच्या आधी, मंच रिकामा असताना, असिस्टंट तुमच्याकडून टाळ्या घेईल. आधी साध्या, मग जोरात, मग उभं राहून. मग म्हणेल, "आता हसा. आता आश्चर्य. आता डोळे पुसा." कॅमेरे तुमच्याकडे वळलेले असतात. याला रिॲक्शन घेणं म्हणतात, आणि हे शॉट नंतर कुठंही चिकटवता येतात. तू विचारलंस, लोक खरंच हसतात का. हे हसणं खरं नसतं. पडद्यावर दिसणारे चेहरे पुष्कळदा हे असतात.

कानावर येणारा हशा मात्र वेगळा. प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक टांगलेले असतात, त्यांचा ट्रॅक कलाकारांच्या माइकपासून निराळा राहतो. एडिटला तो ट्रॅक वर-खाली करतात, एका स्किटमधला चांगला हशा उचलून दुसऱ्याखाली घालतात, पातळ असेल तर दाट करतात. अमेरिकेत सीबीएस वाहिनीतल्या चार्ल्स डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरनं १९५० च्या दशकात यासाठी पेटीच बनवली होती. कळ दाबली की हलकं हसू, दुसरी दाबली की खदखदून, पायाखालच्या पेडलनं कमी-जास्त. आज ते काम कॉम्प्युटरवर होतं. म्हणजे आवाज टाकतात, होय की. पण टाकायला आधी कुणीतरी हसलेलं लागतं. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी आलेल्या खऱ्या हशाला जे काम असतं, ते साठवलेल्या हशाला कधीच करता येत नाही.

ते काम असं. विनोदी नट पंच, म्हणजे हशाचं वाक्य, टाकतो आणि थांबतो. हशा उसळतो, शिखरावर जातो, उतरायला लागतो. तो पुरता संपायच्या आत, साधारण निम्मा उतरला की नट पुढचं वाक्य घेतो. लवकर घेतलं तर वाक्य हशात बुडतं, उशिरा घेतलं तर हवा जाते. हा हिशेब तो तुमच्या आवाजावर करतो. समोर प्रेक्षक नसले तर तो अंदाजानं थांबतो, आणि मग एडिटरनं घातलेला हशा त्या अंदाजाच्या मापाचा कापलेला असतो. लक्ष देऊन ऐकलंस तर घरीसुद्धा फरक कळेल: नट थांबलाय पण हशा आधीच आटोपला, किंवा हशा चालू आणि नट निवांत बोलतोय. प्रेक्षक काढून पैसे वाचवलेले असे ऐकू येतात.

आणि हशा पडला नाही तर? त्याचाही उपयोग होतो. कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या मागे लेखक कागद घेऊन उभा असतो. तो मंचाकडे फारसा बघत नाही, तुमच्याकडे बघतो. जिथं तुम्ही गप्प राहिलात तिथं पेन्सिलीची खूण करतो. 'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेच्या रेकॉर्डिंगला तर लेखक जागच्या जागी घोळका करून वाक्य बदलायचे आणि तोच प्रवेश नव्या विनोदासह पुन्हा व्हायचा, अशानं रात्र व्हायची. आपल्याकडे तेवढी चैन नसते, पण एखादं वाक्य बदलून तेवढाच तुकडा पुन्हा घेतात, त्याला पॅचवर्क म्हणतात. म्हणून हसू नाही आलं तर ओढूनताणून हसू नकोस. असिस्टंट हातवारे करेल, टाळ्या मागेल, त्या दे. टाळी दिली तर बिघडत नाही. खोटं हसू मात्र ओळखू येतं, ते "हा हा" असं एकसारखं येतं आणि एकदम थांबतं. खरं हसू वेडंवाकडं असतं.

रीटेकला काय करायचं, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण अडचण तिथंच येते. नट अडखळला, माइक खरखरला, लाइट गेला, की तेच स्किट मधून पुन्हा. तोच विनोद दुसऱ्यांदा. पहिल्यांदा लोळलेली माणसं दुसऱ्यांदा दगड होतात. हुशार नट दुसऱ्या खेपेला एखादा शब्द, एखादी नजर बदलतो, मुद्दाम तुमच्यासाठी. त्याच्यावर लक्ष ठेव, ते नवीन सापडलं की हसू आपोआप येतं. पण "आता पडणार बघ विहिरीत" असं शेजारणीला पंचाआधी सांगायचं नाही. पहिल्या टेकलाही नाही, दुसऱ्याला तर मुळीच नाही. वरच्या माइकला कुजबूज स्पष्ट ऐकू येते, आणि त्या एका वाक्यानं आख्ख्या ओळीचा हशा मरतो.

माझीही एक चूक सांगतो. नवा होतो, रेकॉर्डिंगआधी प्रेक्षकांना तापवायचं काम मिळालं. वॉर्म-अप म्हणतात त्याला. मी माझं सगळं भांडार उघडलं. शहापूरच्या गल्लीतल्या नकला, म्हाताऱ्यांची भांडणं, कानडी-मराठी घोटाळे. माणसं खुर्चीवरून पडायची बाकी होती. वीस मिनिटं. मी खूश. मग खरं स्किट सुरू झालं आणि हॉल थंड. पोट दुखेपर्यंत हसून झालेली माणसं, त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. दिग्दर्शकाचा आवाज टॉकबॅकवरून कानात आला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. तेव्हापासून मी प्रेक्षकांना अर्धवट हसवून सोडायला लागलो. ओठाशी आलेलं हसू तिथंच ठेवायचं, ते पुढचा नट घेतो.

सूत्रसंचालक प्रेक्षकांत येऊन "तुम्ही कुठून आलात?" विचारेल अशी शक्यता आहे, आणि बेळगाव म्हटलं की हमखास टाळी पडते. त्या टाळीत माया असते, थोडी अपराधी भावनाही असते असं मला नेहमी वाटत आलंय. पण तिथं थांबायचं. एकदा आपल्या पोरांनी उत्साहात "बेळगाव, कारवार, निपाणी" ही सीमालढ्याची घोषणा सुरू केली आणि सगळा हॉल त्यात सामील झाला. दोन मिनिटं अंगावर काटा आला, नंतर सगळं कापलं गेलं. वाहिनी ते दाखवणार नाही, पोरांना वाटलं आपला आवाज दाबला, आणि त्या गडबडीत त्यांचा चांगला हसरा शॉटसुद्धा गेला. भावना खरी आहे, जागा ती नव्हे. त्यापेक्षा आपल्या बोलीत बोल. "होय की वो" एवढं म्हटलंस तरी सूत्रसंचालक ते पकडेल, पुढची पाच मिनिटं तुझीच. त्यानं आपल्या बोलीची फिरकी घेतली तर रागवायचं नाही, उलट एक परत मारायची. ते नक्की ठेवतात.

पाहुणे कोण होते, कोण जिंकलं, हे भाग दाखवला जाईपर्यंत बाहेर सांगायचं नाही. आत शिरताना एका कागदावर सही घेतात किंवा पाटी लावलेली असते. तुमचा चेहरा आणि आवाज वापरायला संमती दिली, असा त्याचा अर्थ. कलाकारांसोबत फोटो मिळेल का? कधी मिळतो, कधी नाही. सात-आठ तास काम करून विग उतरवायला निघालेल्या माणसाला दारात अडवू नका. ब्रेकमध्ये तो स्वतःहून खाली आला तर आईला पुढे करा. साठीपुढच्या बाईला नाही म्हणणारा मराठी नट मी पाहिलेला नाही.

आता आत्या.

'आय लव्ह ल्यूसी'चं वर सांगितलं. त्यात नायिका होती ल्यूसिल बॉल, आणि तिची आई डीडी रेकॉर्डिंगला प्रेक्षकांत बसायची. लेक काहीतरी भानगड करणार असं दिसलं की तिच्या तोंडून "अगं बाई!" सारखा उद्गार निघायचा. तो माइकमध्ये शिरला, भागांत राहिला, आणि तिकडचे रसिक आजही जुने भाग बघताना तो कान देऊन ओळखतात. हॉलमधल्या तीनशे माणसांच्या हशात एक आवाज असा लागतो की ज्याच्यामागे बाकीचे जातात. हसणं सुरू करायला माणसं लाजतात. प्रत्येकाला वाटतं, आधी दुसऱ्यानं हसावं. पहिलं मोठ्यानं हसणारं माणूस बाकीच्यांना परवानगी देतं. मी दर शोला रांगेतच असं माणूस शोधायचो. गेटवर ओळखपत्र दाखवताना शेजारणीशी काहीतरी बोलून स्वतःच खो-खो हसणारी बाई दिसली की तिला हाताला धरून आत न्यायचो. नव्वद टक्के वेळा ती कोल्हापूर, सांगली किंवा आपल्याकडची निघायची. हे मोजलेलं नाही, पण पैज लावायला तयार आहे.

तेव्हा आत्याला घेऊनच जा, आणि बसवणाऱ्या असिस्टंटला आधीच सांग, "हिचं हसणं मोठं आहे." तो तुझे आभार मानेल. तिला पहिल्या ओळीत बसवू नका, तिथून तिचा आवाज नटाच्या गळ्याजवळच्या माइकात घुसतो आणि वाक्यं खराब होतात. अगदी मागेही नको. मधल्या ओळी, टांगलेल्या माइकच्या खाली, दोन्ही बाजूंना माणसं असतील अशी खुर्ची. तिला आदल्या दिवशी हलकं जेवायला सांग, दुपारी पोटभर भात नको. आणि "हळू हस गं" असं दिवसभरात एकदाही म्हणू नकोस. आई म्हणेल, तिलाही आधीच सांगून ठेव.

भाग लागतो तो महिन्या-दीड महिन्यानं, कधी त्याहून उशिरा. तेव्हा आख्खी गल्ली बोलवू नका, कारण तुम्ही चौघी मिळून दोन सेकंद दिसाल, तेही बहुतेक रिकाम्या मंचासमोर वाजवलेल्या टाळ्यांत. चेहरे शोधत बसण्यापेक्षा आवाज थोडा वाढवा आणि हशा ऐका. आत्याचा सापडला तर मला कळव.